शरयूचं इंटरचं वर्ष

१ जानेवारी १९५६, रविवार

दर वर्षी हे कचेरीतून एक डायरी घरी आणतात, स्वतः एक अक्षर लिहीत नाहीत, आणि मग ती माझ्या वाट्याला येते. हे म्हणजे आमचे मल्हारराव. पूर्वी संस्थानच्या रिसाल्यात दफेदार होते. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, घोडे कुठे गेले देव जाणे, आणि हे मोती महालातल्या सरकारी कचेरीत टेबल-खुर्च्या आणि शाईच्या बाटल्यांचं भांडार सांभाळायला लागले. डायरी हातात देताना म्हणाले, "जपून वापर. यावर मध्यभारत शासन असं छापलंय. पुढच्या साली मध्यभारतच राहणार नाही." मी म्हटलं, "संस्थान गेलं तेव्हाही तुम्ही असंच तोंड केलं होतं. मेथीची जुडी होती तेवढीच राहिली." हसले नाहीत. कचेरी भोपाळला जाणार म्हणतात, त्याची धास्ती आहे.

शरयूचं, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीचं, इंटर सायन्सचं वर्ष आहे. पाच मार्चला पहिला पेपर. मार्क चांगले पडले तर इथल्याच मेडिकल कॉलेजात जायचं. हे रोज सकाळी ती चहा घेत असताना समोर बसतात आणि तेच सांगतात, "बेटा, हेच साल आहे. पुढच्या साली नव्या प्रांतातली सगळी मुलं इथे अर्ज करणार. जबलपूर, रायपूर, सब. मग आपल्याला कोण विचारतो?" पाटणकर बाजारात भेटेल त्याला सांगून ठेवलंय, आमची शरयू डॉक्टरीण होणार. रिसाला गेल्यापासून या माणसाची मान खाली होती. ती पुन्हा वर आली हे पाहून मला बरं वाटतं.

१७ जानेवारी

काल आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. शरयू वर माडीवर पुस्तक घेऊन. बायका म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंना खाली बोलवा, आम्हाला तपासू दे. आली. तोंडावर ही पुटकुळ्यांची गर्दी, नखं खाऊन खाऊन बोटं लाल झालेली. कुणीतरी सहज म्हणालं, "किती पेपर लिहायचे गं तुला?" तर हातातली तिळगुळाची वाटी तशीच ठेवली आणि ढसाढसा रडायला लागली. मग स्वतःच हसायला लागली. मला मेलीला लाज आली. एवढी घोडी झाली, एकोणीस पुरी केली, आणि चार बायकांत असं वागणं.

नंतर विचारलं काय झालं. म्हणे, "कुछ नहीं आई, माझं मलाच कळत नाही. बस, सोड ना."

२६ जानेवारी

आज सुटी, तरी लक्ष्मीकांत मास्तर आले होते. दिवाळीपासून तिला फिजिक्स शिकवतात. माधवगंजात राहतात, एका शाळेत नोकरी आहे. ब्राह्मणाचा मुलगा, सव्वीस-सत्तावीसचा असेल, चष्मा नाकावरून घसरत असतो. आमच्या घरी पोहे खाताना इतका लाजतो की मला बशी ठेवून निघून यावं लागतं. मी ओसरीवर गहू निवडत होते. आत मास्तर काही विचारत होते आणि शरयूचा आवाज कापत होता. मास्तर म्हणाले, "शरयूताई, तुम्हाला येतं हे. शांतपणे करा." ती म्हणाली, "घरी येतं सर, वेळ लावून बसले की सगळं पुसलं जातं. छाती धडधडते."

छाती धडधडते. बरं.

जेवणावर वासना नाही तिची. डोकं विंचरलं की फणीत केसांचा पुंजका येतो. दुपारी मेल्यासारखी झोपते आणि उठवलं की अंगावर येते. मी तिच्या वयाची असताना माझं लग्न होऊन ही पोटात होती, त्यामुळे अभ्यासाचं दुखणं कसं असतं ते मला ठाऊक नाही. मला वाटतं थोडं जास्तच चाललंय. पण हे म्हणतात, "मेहनत कर रही है. टोकू नकोस."

३ फेब्रुवारी, शुक्रवार

मी बाजूला बसले आहे. तीन दिवस स्वयंपाक शरयूकडे, म्हणून तिचा चेहरा पाहण्यासारखा. मागच्या पडवीत घोंगडीवर बसून लिहिते आहे. या दिवसांत पुस्तकाला हात लावायचा नाही असं सासूबाईंनी मला शिकवलं, मी शरयूला शिकवलं. पुस्तक म्हणजे सरस्वती. या डायरीत कुठली आली सरस्वती, म्हणून माझं चालतं.

बसल्या बसल्या डोक्यात आलं की या घोंगडीवर शरयू शेवटची बसली ती तुळशीच्या लग्नाला. त्यानंतर नाही. मार्गशीर्ष गेला, पौष सरत आला. तेव्हा काय भांडली होती! "आई, तीन दिवस पुस्तकाविना बसू? तीन दिवस! इतर मुली पुढे निघून जातील." मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं होतं, हे घर आहे, कॉलेज नाही.

आता लख्ख कळलं. पोरगी लपवते आहे. अभ्यास बुडू नये म्हणून चक्क लपवते, आणि तशीच चुलीपाशी वावरते, देवापुढे दिवा लावते. दोन महिने! माझ्या घरात! अंगाचा तिळपापड झाला आहे, पण स्वतःच बाजूला असल्यामुळे उठून दोन थोबाडीतही देता येत नाहीत.

६ फेब्रुवारी, सोमवार

न्हाऊन मोकळी झाले आणि हे कचेरीत गेल्यावर माडीवर गेले. दार लावून घेतलं. विचारलं, "खरं सांग, बाजूला बसायचं टाळतेस ना?"

ती म्हणाली, "नाही आई."

"मग?"

"आलीच नाही. मागच्याही महिन्यात नाही, त्याच्याही आधी नाही. मी लपवलं नाही, आबांची शपथ." आणि वर म्हणते, "मला वाटलं, बरंच झालं. अभ्यासाला दिवस मिळाले."

लपवलं असं म्हणाली असती तर मी चार शब्द बोलले असते, घरभर गोमूत्र शिंपडलं असतं, देव पंचामृतात घातले असते आणि विषय मिटला असता. मी तयारीच तेवढी करून गेले होते. बापाची शपथ ती खोटी घेत नाही. म्हणजे खरंच नाही. आणि नाही, तर मग का नाही? मी जिन्यात बसले.

केस, पुटकुळ्या, रडणं, हसणं, जेवण नको. आणि दिवाळीपासून दिवसाआड घरात येणारा तो चष्मेवाला.

७ फेब्रुवारी

तिला स्पष्ट विचारलं. मास्तरांचं नाव घेऊन विचारलं.

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं तेव्हा पांढरी पडली आणि हसली. मग मोरीकडे धावली आणि ओकली. मी मागे उभी. माझ्या मनात होता नव्हता तेवढा विश्वासही राहिला नाही.

तोंड धुऊन म्हणाली, "आई, मला डॉक्टरांकडे ने. आजच ने."

मी म्हटलं, "आणि सगळ्या लष्कर शहरात डंका पिटू? डॉक्टर शालिनीताई आपल्या ओळखीच्या दहा घरांत जातात."

"त्या कुणाला सांगत नाहीत."

"तू गप्प बस."

मास्तरांविरुद्ध ती एक अवाक्षर बोलली नाही, त्यांच्यावर रागावलीसुद्धा नाही. निर्दोष मुलगी चिडली असती, शिव्या दिल्या असत्या. मी स्वतःला सारखी हेच सांगते आहे. कधी वाटतं, माझी शरयू असं करणार नाही. मग वाटतं, प्रत्येक आईला असंच वाटत असणार. एक विचार मनात येऊन गेला, तो इथेही लिहीत नाही.

९ फेब्रुवारी

मास्तरांना दारातूनच सांगितलं, शिकवणी आता नको. "काही चुकलं का बाई?" म्हणाले. मी म्हटलं नाही. चष्मा वर केला, नमस्कार केला आणि गेले. अपराधी माणूस असाच मुकाट जातो.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज सगळ्यांत अवघड काम उरकलं.

पोट दिसायला लागायच्या आत आपल्या जातीत लग्न उरकायचं तर परीक्षा मध्ये येते, आणि परीक्षा असेपर्यंत हे लग्नाचं नावसुद्धा काढू देणार नाहीत. यांना खरं सांगायची माझी छाती नाही. घोड्यावरून पडले तेव्हा रडले नाहीत, रिसाला मोडला तेव्हा रडले. हे ऐकलं तर उठणार नाहीत. म्हणून शरयूला सांगितलं, "तूच जा आणि परीक्षेला बसत नाही म्हणून सांग. नाहीतर मी त्यांना सगळं सांगते."

तिने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला नजर काढून घ्यावी लागली. मग म्हणाली, "आबांना असलं काही सांगू नकोस. खरं असो की खोटं, त्यांच्या कानांवर ते जायला नको. मी सांगते."

हे ओसरीवर बूट पुसत होते. ती समोर उभी राहिली. "आबा, मी परीक्षा देत नाही."

यांना वाटलं थट्टा. "क्यों भई?"

"मला भीती वाटते. नाही जमणार."

बूट खाली ठेवला. "भीती सगळ्यांना वाटते, बेटा. मलाही वाटायची. पण भीती वाटली म्हणून शिपाई मैदान सोडून पळत नाही."

"मी पळते आहे, आबा."

हे उठले, टोपी घातली आणि बाहेर पडले. दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी आले ते हातात नको असलेली चार शेर वांगी घेऊन. शरयूने पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर पिशवी माझ्या हातात दिली.

मी बरोबर केलं. दुसरा कुठला रस्ता होता?

२१ फेब्रुवारी

माझे दादा, महिपतराव, इंदूरहून आले. त्यांना मी पत्र टाकलं होतं, मुलीचं आता बघायचंय, लवकर बघायचंय. त्यांच्या पाहण्यातला मुलगा आहे, सूर्याजी. गिरणीत टाइमकीपर, वय एकोणतीस, आपल्याच नात्यागोत्यातला, स्वभावाने गरीब. मंडळी दोन दिवसांत येऊन पाहून गेली, सुपारी फुटली, अठरा मार्चचा मुहूर्त धरला. दादा म्हणाले, "विजा, एवढी घाई?" मी म्हटलं, "कचेरी भोपाळला जाईल तेव्हा उपवर मुलगी घेऊन कुठे जाऊ?" पटलं त्यांना. सगळं खोटं इतकं सहज पटतं, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

यांनी काही विचारलं नाही. सूर्याजीशी चांगलं बोलले. शरयूशी त्या रविवारपासून थेट बोलत नाहीत. "तिला सांग पाणी आणायला." ती दोन हातांवर उभी असते आणि मला म्हणतात, तिला सांग.

५ मार्च, सोमवार

आज पहिला पेपर होता.

शरयू नेहमीसारखी उठली. न्हाली, केस घट्ट विंचरले, वेणी घातली. कॉलेजला जायची पांढरी साडी नेसली. मी दारात उभी राहिले, मला वाटलं ही जाते. ती गेली नाही. त्याच साडीत तांदूळ निवडायला बसली. समोरच्या घरातली मुलगी दही खाऊन निघाली, तिच्या आईने दारातून हात हलवला. शरयूने मान वर केली नाही. निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात ओतून पुन्हा निवडले.

मला वाईट वाटलं. मग स्वतःला म्हटलं, ज्याचं त्याने भोगावं. असं म्हणून झालं तरी वाईट वाटतच होतं.

८ मार्च, गुरुवार

लग्नाच्या साड्यांसाठी पाटणकर बाजारात गेले होते. दुकानातून उतरते तर समोर लक्ष्मीकांत मास्तर. मी तोंड फिरवलं. ते स्वतःच जवळ आले. संकोच करणारा माणूस, पण आज चेहरा फुललेला. "बाई, फिजिक्सचा पेपर पाहिला. आपण केलेलंच आलंय सगळं. शरयूताईंनी तर पूर्ण सोडवला असेल ना?"

मी म्हटलं, "हं."

"मला एकच धाकधूक होती. त्या फार परेशान होत्या. माझ्या शिकवणीला बसण्याआधी बऱ्याचदा उलटी करून यायच्या. मला म्हणाल्या होत्या, आईला सांगू नका, ती घाबरेल. मी म्हटलं, अहो, मीही बी. एस्सी.ला प्रत्येक पेपरच्या आधी ओकायचो. माझी तर बहीण, मॅट्रिकच्या साली…" इथे थांबले, लाल झाले. "बायकांचं काही असतं, तेही बिघडलं होतं तिचं. घरात सगळे घाबरून गेलो होतो. परीक्षा झाली आणि आपोआप ठीक झाली." मग जिलबीचा पुडा माझ्या हातात ठेवला. "ताईंना द्या. माझं लग्न ठरलंय, उज्जैनची मुलगी आहे. कधीचं ठरलंय, पण ताईंच्या फिजिक्सच्या पेपरआधी त्यांचं लक्ष नको जायला म्हणून बोललो नव्हतो."

रस्त्यात उभ्या उभ्या माझ्या हातातून साड्यांचं गाठोडं पडलं. त्यांनीच उचलून दिलं.

९ मार्च

शरयूला टांग्यात घातलं आणि माधवगंजात डॉक्टर शालिनीताईंकडे नेलं. ती आत, मी बाहेर बाकावर. भिंतीवर पाळण्यातल्या बाळाचं चित्र होतं, त्याच्याकडे पाहवेना.

शालिनीताईंनी मला आत बोलावलं. "तुम्हाला जी शंका होती तसं काहीही नाही," म्हणाल्या. "मुलगी जशी होती तशीच आहे."

मी म्हटलं, "मग पाळी?"

त्यांनी समजावलं. माणसाच्या डोक्यात, मेंदूच्या खाली एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिथून रस सुटतात, त्यांना हार्मोन म्हणायचं. पाळी त्यांच्या हुकमाने येते. मन सतत भेदरलेलं असलं, झोप नाही, अन्न नाही, की शरीर म्हणतं, सध्या जीव वाचवू, बाकीचं नंतर बघू. मग पाळी थांबते, तोंडावर पुटकुळ्या येतात, केस गळतात, उगाच रडू येतं, उगाच हसू येतं. "तिच्या हातात नसतं ते. दर वर्षी या दिवसांत अशा चार-पाच मुली माझ्याकडे येतात. त्यांच्या आया घेऊन येतात." एवढं बोलून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आधी का नाही आणलंत?"

मी तिच्या चपला सरळ करून ठेवल्या.

"ठीक आहे. परीक्षा संपली की हळूहळू सुरळीत होईल. कधी संपते गं?"

शरयू पदर सारखा करत म्हणाली, "माझी संपली."

१० मार्च

रडून रडून डोळे सुजले आहेत. यांना सांगितलं, कांदे चिरले.

सकाळी शरयूचे पाय धरायला गेले. तिने धरू दिले नाहीत. मी म्हटलं, "मी आजच यांना सगळं सांगते. लग्न मोडते. पेपर गेले ते गेले, पुढच्या साली बस."

"काय सांगशील?"

"खरं ते सांगेन. की तू पळाली नव्हतीस, मी पळवलं."

"का पळवलंस असं विचारतील ना?"

मी चटईचा दोरा ओढत बसले.

ती माझ्याशेजारी बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आई, आबांना वाटतंय मी घाबरट आहे. वाटू दे. पण तू माझ्याबद्दल काय समजलीस ते त्यांना कळलं तर ते माझ्याकडे बघताना दर वेळी ते आठवतील. खोटं होतं हे माहीत असूनही आठवतील. आणि तुझ्याकडे तर बघणारच नाहीत. आता त्यांची कचेरीही जाते आहे. क्या बचेगा उनके पास?"

"अगं पण तुझं काय?"

"सूर्याजी वाईट नाहीत," म्हणाली. जणू मी त्यांच्याबद्दलच विचारलं होतं.

मी सांगायला हवं. हे लिहिते आहे तेव्हाही मनात आहे, उठावं आणि सांगावं. हे बाहेर पत्रिकांवर हळदीची बोटं उमटवत बसले आहेत. मी उठत नाही. शरयूने नको म्हटलं म्हणून उठत नाही, की माझीच भीती आहे? तिच्या नकाराने मला आतून सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

१४ मार्च, बुधवार

घरात पाहुणे. मांडव पडला. काल कॉलेजच्या मुलींचा शेवटचा पेपर झाला म्हणे. आज सकाळी शरयू मागच्या दाराने आली आणि लांबूनच म्हणाली, "आई, मी बाजूला आहे."

माझ्या नणंदबाई, दुर्गावन्सं, खूश झाल्या. "बघ वहिनी, देवानेच वेळ साधली. लग्नाला मोकळी होईल."

मी पडवीत घोंगडी अंथरून दिली. ती भिंतीकडे तोंड करून निजली. मी मांडवात हसत हसत सुपाऱ्या मोजल्या आणि प्रत्येक वेळी चुकले.

१९ मार्च

लग्न लागलं. शरयू गेली. निघताना यांच्या पाया पडली, तेव्हा हे सूर्याजीला म्हणाले, "सांभाळा तिला. जरा भित्री आहे."

मी शेजारी उभी होते. माझे ओठ हललेसुद्धा. शरयूने माझा हात दाबला आणि म्हणाली, "हो आबा, भित्रीच आहे."

१८ जून

आज मेडिकलच्या प्रवेशासाठी गर्दी होती असं हे सांगत होते. मग म्हणाले, "तिला येत होतं गं सगळं. मग का पळाली?" मी पान लावून दिलं.

३१ ऑक्टोबर, बुधवार

उद्यापासून नवा प्रांत. यांची कचेरी भोपाळला, पुढच्या महिन्यात आम्हीही. टेबल-खुर्च्या मोजून बांधून झाल्या. हे आज मध्यभारताचा शिक्का कचेरीत जमा करून आले आणि बराच वेळ अंगणात उभे होते.

दिवाळसणाला शरयू आणि सूर्याजी कालच आलेत. जावई खरंच चांगला माणूस आहे. रात्री जेवताना हे त्यांना पुन्हा सांगत होते, "हुशार होती हो. हिंमत कमी पडली." शरयू वाढत होती. तिने त्यांच्या पानात आणखी एक करंजी ठेवली.

तिच्या तोंडावर आता पुटकुळ्या नाहीत. केस दाट झालेत. कुणीही म्हणेल सुखात आहे. तिने कालपासून एकाही पुस्तकाकडे पाहिलेलं नाही, माडीवर सगळी तशीच आहेत.

१ नोव्हेंबर, नरक चतुर्दशी

पहाटे तिला तेल लावायला बसले. पाठीवरून हात फिरवताना जाणवलं, अंग भरलंय. माझ्या मनात आलं आणि मी तिथल्या तिथे मनाला दाबलं. विचारणार नाही म्हटलं. या जन्मात तिला पुन्हा तो प्रश्न विचारणार नाही. नुसतं तेल लावत राहिले.

तीच म्हणाली, "आई, तिसरा लागलाय."

माझे हात थांबले.

"या वेळी खरंच आहे. शालिनीताईंकडे नेलंस तरी चालेल."

टोमणा नव्हता त्यात, मीच तो शोधत होते. मी तिचं डोकं छातीशी धरलं. तेलाने माझं लुगडं माखलं. विचारलं, "भीती वाटते का गं?" हा प्रश्न मी जानेवारीत विचारायला हवा होता. तिने माझ्या लुगड्याला लागलेलं तेल बोटाने पुसलं. मग म्हणाली, "आबांना सांग ना. हे सांगता येईल तुला."

मी ओसरीवर जाऊन सांगितलं. हे ताडकन उठले. न्हाणीघराच्या दाराशी गेले आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलले. कवायतीच्या मैदानावर घुमावा तसा आवाज. "शाबास, बेटा! शाबास!"

आतून पाणी ओतल्याचा आवाज थांबला. मग ती रडायला लागली, मला ऐकू येत होतं. हे माझ्याकडे वळून हसले. "पगली. खुशीत रडते आहे," म्हणाले, आणि चपला घालून पेढे आणायला बाजारात गेले.